गाडीत लोणच्याची बरणी लवंडली, वास काही केल्या जाईना

पाऊणशहाणा

मंडळी, मदत हवी आहे. आधी मनसोक्त हसून घ्या, मग सांगा.

मेच्या शेवटी कराडहून (सासुरवाडी) पुण्याला येत होतो. निघताना सासूबाईंनी कैरीच्या लोणच्याची बरणी हातात ठेवली. साडेतीन किलोची, चिनीमातीची, वर दादरा बांधलेला. "प्लास्टिकच्या डब्यात द्या ना" एवढंच मी म्हणालो. त्यावर त्यांनी जे पाहिलं त्याचं वर्णन करत नाही. बरणी माझ्या सीटच्या मागे, खाली पायाशी ठेवली. दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर ते वाकडंतिकडं वळण आहे ना, तिथे एक ट्रक मध्ये आला आणि मी ब्रेक दाबला.

बरणी फुटली नाही. तिला ओरखडासुद्धा नाही. ती फक्त आडवी झाली आणि दादरा सुटला. तेल, खार, फोडी, सगळं खाली. थोडं मागच्या सीटवरही उडालं.

आतापर्यंत केलेले उपाय: पेपर आणि जुन्या टॉवेलने पुसलं. घरी आल्यावर फिनेलने पुसलं (बायकोची सूचना, नोंद असावी). मग एका वॉशिंग सेंटरवर बाराशे रुपये देऊन 'आतून पूर्ण सफाई' करून घेतली. त्यांनी पाइपने पाणी मारलं, फेस केला, वर मोगऱ्याचा स्प्रे मारला. दोन दिवस गाडीला मोगऱ्याचं लोणचं घातल्यासारखा वास होता. मग मोगरा गेला, लोणचं राहिलं. आता तीन आठवडे झाले. दुपारी उन्हात उभी गाडी उघडली की हिंग-मोहरीचा लोट अंगावर येतो, आणि त्याखाली आता काहीतरी खवट, कुबट असंही येतंय. ऑफिसला बरोबर येणारे दोघे बसने जाऊ लागलेत.

आणखी एक. काल सीटवरच्या पिवळ्या डागाला साबण लावला तर तो लालभडक झाला. खून झाल्यासारखं दिसतंय. हे काय आहे?

---

कुजकट_कारटं

फोडी मोडल्या होत्या की अख्ख्या? मुरलं होतं का? महत्त्वाची माहिती आधी द्या.

---

सोनकी

खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा. माझा मुलगा गाडीत ओकला होता तेव्हा याच उपायाने वास गेला.

---

रसायनी

लाल डागाने घाबरू नका, ती हळद आहे. हळदीला अल्क लागला की ती लाल होते. शाळेत हळदीचा कागद करून साबणाच्या पाण्यात बुडवला असेल, तेच हे. कुंकू तरी दुसरं काय, हळद आणि चुना. लिंबाचं पाणी लावलंत तर परत पिवळं होईल, पण डाग राहीलच. त्याला खरा इलाज ऊन. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आधी तेल काढा, मग सीटचं कव्हर निघत असेल तर काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका. ब्लीच मात्र नको, कापडाचा मूळ रंगच जाईल.

---

पाऊणशहाणा

@रसायनी, जिवात जीव आला. कव्हर निघतं. ऊन कुठून आणू, जून चालू आहे.

@कुजकट_कारटं, अख्ख्या. मुरायला ठेवायचं होतं. तसं ते आता मुरतंच आहे म्हणा.

---

हर्णैकर_खेकडा

लोणच्याचा वास हा वास आहे का? या आमच्याकडे. चार वर्षांपूर्वी हर्णैच्या लिलावातून पापलेट आणि कोलंबी घेऊन मुंबईला निघालो. बर्फ घालून थर्माकोलचा खोका, वर चिकटपट्टी. महाडपर्यंत बर्फ वितळला, पाणी खोक्याच्या कोपऱ्यातून डिकीत, तिथून स्टेपनीच्या खड्ड्यात. आम्हाला पत्ताच नाही. घरी मासे काढले, खाल्ले, तृप्त झालो. चौथ्या दिवशी शेजारच्या काकांनी सोसायटीच्या ऑफिसात तक्रार केली की पार्किंगमध्ये काहीतरी मेलंय.

सोडा टाकला, काही नाही. कॉफी पावडर ठेवली, काही नाही. शेवटी आमच्या आईने सांगितलं, मासळीच्या भांड्यांना आपण काय लावतो? चिंच, कोकम, लिंबू. मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून स्टेपनीचा खड्डा पुसला, दोनदा. खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतं, ते काढून पाणी खाली सोडलं. वास गेला.

---

सोनकी

मग सोडा की व्हिनेगर? दोन्ही एकत्र टाकलं तर जास्त जोर येईल ना?

---

रसायनी

नाही येणार. एकत्र टाकलं की फसफसून फेस येतो, बघायला मजा येते, आणि दोघेही एकमेकांना संपवतात. मागे खारट पाणी उरतं.

कुठला वास आहे त्यावर ठरतं. मासळीचा वास अमाइन जातीच्या पदार्थांचा, म्हणजे अल्कधर्मी. त्याला आम्ल लागतं, खेकडाभाऊंच्या आईंचं अगदी बरोबर. नासलेलं दूध, ओकारी, खवट लोणी यांचा वास आम्लांचा, तिथे सोडा कामाला येतो. दूध सांडलं तर पहिल्यांदा गार पाणी, गरम मारलंत तर त्यातलं प्रथिन धाग्यात घट्ट बसतं.

तुमच्याकडे दोन भानगडी आहेत. एक हिंग-मोहरी, तो वास तेलात विरघळून बसलाय. दुसरी म्हणजे तेल स्वतःच हवा आणि उष्णतेने खवट होत चाललंय. दोन्हीचं मूळ तेल. ते निघाल्याशिवाय वरून काहीही शिंपडा, फुकट आहे.

---

एडिसनची_आजी

आमच्याकडे न्यू जर्सीत मांजराच्या शीची माती मिळते (हसू नका), गॅरेजवाले तेल सांडलं की तीच टाकतात. साधी मातीची घ्यायची, सुगंधी नाही. तेल ओढून घेते. मी डिसेंबरात गाडीत पावभर साजूक तूप सांडलं होतं, पण थंडीने ते तिथल्या तिथे थिजलं. खरवडून काढलं, काम झालं. तुम्हीही बर्फ लावून थिजवून बघा.

---

भुईमूग

आजी, लोणच्यातलं शेंगदाण्याचं तेल बर्फाने तुपासारखं घट्ट थिजत नाही हो. तूप, डालडा, खोबरेल यांना ती युक्ती चालते.

आणि इथे मांजराची माती लोणच्यापेक्षा महाग पडेल. त्यापेक्षा मुलतानी माती घ्या, किराणा दुकानात मिळते. इंग्रजीत तिला फुलर्स अर्थ म्हणतात ते उगाच नाही. फुलर म्हणजे लोकर धुऊन साफ करणारे, ते लोकरीतलं तेल काढायला हीच माती वापरायचे. आमच्या गावच्या घाण्यावर तेल सांडलं की लाकडाचा भुसा टाकायचे, तोही चालतो, फक्त कार्पेटमधून उचलताना जीव जातो.

---

डिंकाचा_लाडू

बेसन चालेल का? घरात भरपूर आहे.

---

कुजकट_कारटं

बेसन, तेल, हिंग, हळद. आता फक्त गाडी उन्हात लावा, भजी तयार.

---

गियरबॉक्स

बारा वर्षं गाड्यांच्या आतल्या सफाईचं काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

तेल सांडल्यावर पहिल्या तासात जे करायला हवं ते बहुतेक लोक करत नाहीत, आणि जे करायला नको ते करतात. म्हणजे पाणी ओततात आणि घासतात. घासलं की तेल पसरतं आणि धाग्यात खाली जातं. फोडी-खार चमच्याने उचलायचा, मग पांढरं फडकं किंवा टिश्यू दाबून दाबून तेल टिपायचं. मग वर सांगितली तशी कुठलीही कोरडी पूड, मुलतानी माती, कॉर्नफ्लोअर, सोडा, जाड थर, रात्रभर. सकाळी व्हॅक्यूम. तेल येत असेल तोवर पुन्हा. पाण्याची पाळी नंतर. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड थोडंसं, ते सुद्धा फडकं भिजवून पिळून. मऊ ब्रश, डागाच्या कडेकडून मध्याकडे. साबण नीट निघेपर्यंत साध्या पाण्याच्या फडक्याने टिपायचं, नाहीतर उरलेल्या साबणावर धूळ बसून तो भाग महिन्याभरात काळा पडतो.

आता तुमचं. तुमच्याकडे हे सगळं करण्याची वेळ निघून गेली आहे. वॉशिंगवाल्याने पाइपने पाणी मारलं ना, तिथे घोटाळा झाला. गाडीचं कार्पेट म्हणजे वरचं दिसतं तेवढंच नाही. त्याच्याखाली बोट-दीड बोट जाडीचा नमदा किंवा फोम असतो, आवाज दाबण्यासाठी. तो स्पंजसारखा पितो आणि सोडत नाही. वरचं कार्पेट चोवीस तासांत सुकतं, खालचा नमदा पावसाळ्यात महिनाभर ओला राहतो. तुम्ही म्हणता तो कुबट वास पाण्याचा आहे, खवट वास तेलाचा, आणि दोन्ही त्या नमद्यात बसलेत. वरून कितीही सोडा टाका, तिथे पोचणार नाही. कार्पेट उचलावं लागेल.

एक सांगून ठेवतो. पुढच्या सीटखाली वायरी असतात, त्यातला पिवळा जोड एअरबॅगचा. तो घरी ओढायचा नाही, त्याच्यावर पाणी मारायचं नाही. सीट काढायची झाली तर बॅटरी सोडवून, थोडा वेळ थांबून, ज्याला माहीत आहे त्याच्याकडूनच. आणि पेट्रोल, रॉकेल, थिनर यांनी आतलं तेल पुसायचं डोक्यातही आणू नका. बंद गाडीत त्यांची वाफ साठते.

---

लालडबा

गियरबॉक्स, मस्त लिहिलंत.

आमच्या वेळी वडील गावाहून पंधरा किलोचा तेलाचा डबा एसटीत आणायचे. डबा ड्रायव्हरच्या मागे, झाकण मेणाने बंद केलेलं. एकदा ते मेण उन्हाने मऊ झालं आणि तेल पुढून मागे वाहत गेलं. कंडक्टरने गाडी थांबवली, रस्त्याकडेची माती पाटीत भरून आणून अख्ख्या गाडीत पसरली आणि म्हणाला, "आता कुणी चपला काढू नका." तिकिटाशिवाय एक पैसा जास्त घेतला नाही. वडील पुढची वीस वर्षं त्या कंडक्टरचं नाव काढायचे.

---

विदर्भातला_ऊन्हाळा

तेलावरून आठवलं. आमच्याकडे जवसाचं तेल असतं, लाकडी सामानाला पण लावतात. ते पुसलेली फडकी बोळे करून डिकीत टाकून ठेवू नका बरं का. ते तेल वाळताना तापतं आणि बोळ्यात उष्णता कोंडून आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी मोकळी पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून मग टाकायची. शेंगदाण्याचं त्या मानाने गरीब आहे.

---

डिंकाचा_लाडू

डांबरगोळ्या ठेवल्या तर? माझे सासरे प्रत्येक गाडीत दोन ठेवतात.

---

सोनकी

अजिबात नको. बंद गाडीत त्यांचा वास डोक्यात जातो, लहान मुलं असतील तर आणखीच वाईट. आमच्या नवऱ्याने डॅशबोर्डवर एक पातळ अत्तराची बाटली ठेवली होती, ती कलंडली. प्लास्टिकवर पांढरा चट्टा पडला तो आजही आहे. त्यावर आता गणपती चिकटवलाय.

---

नवा_सभासद_७७

आमच्या गाडीत उंदीर मेला होता. कुणाला अनुभव?

---

हर्णैकर_खेकडा

उंदराला वेगळा धागा काढा. तो विषय मोठा आहे. (तंबाखूची पानं इंजिनात ठेवण्यावरून मागे इथेच शंभर प्रतिसाद झाले होते, भांडणं झाली होती, दोघांनी आयडी बदलले.)

---

नवा_सभासद_७७

बरं.

---

चाकरमानी_ठाणे

एसी लावल्यावर जास्त येतो का वास? आत फिरणारी हवा लावून ठेवली असेल तर तीच हवा गोल गोल फिरत राहते. बाहेरची हवा घेणारं बटण दाबा. आणि ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो, तो बदला. स्वस्त असतो, बहुतेक गाड्यांत घरी बदलता येतो. माझ्या गाडीत मोज्यासारखा वास यायचा, फिल्टर काढला तर त्यात पिंपळाची पानं आणि एक अख्खं नाकतोड्याचं कलेवर निघालं. शिवाय पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, आतलं ओल सुकतं.

---

भुईमूग

सगळे वासाच्या मागे लागलेत. मला वेगळीच काळजी वाटते. लोणच्याच्या खारात मीठ किती असतं? साडेतीन किलोच्या बरणीत सहज पाव-अर्धा किलो. ते मीठ आता पाण्याबरोबर कार्पेटखाली पत्र्यावर बसलंय. पत्र्याला रंग आहे, ठीक, पण कुठे ओरखडा असला किंवा बोल्टची जागा असली तर गंज धरणारच. वायरीचे जोडही तिथेच आहेत. वास सहन करता येतो, सडलेला पत्रा नाही. पाऊणशहाणे, कार्पेट उचलाच.

---

गियरबॉक्स

भुईमूगशी शंभर टक्के सहमत. हे मी लिहायचं राहिलं. समुद्रकिनाऱ्याच्या गाड्यांत आणि लग्नाच्या स्वयंपाकवाल्यांच्या गाड्यांत हेच बघतो.

---

एडिसनची_आजी

ओझोनचं मशीन लावतात म्हणे, तासाभरात सगळा वास जातो?

---

गियरबॉक्स

आजी, लावतात. आमच्याकडेही आहे. पण तेल जागेवर असेल तर आठवड्यात वास परत येतो. शिवाय ओझोन फुप्फुसांना वाईट, मशीन चालू असताना गाडीत कुणी बसायचं नाही आणि नंतर दारं उघडून बराच वेळ हवा खेळू द्यायची. वारंवार केलं तर रबरही कडक होतं. सफाई पूर्ण झाल्यावर शेवटचा हात म्हणून ठीक. सुरुवातच त्याने करा असं सांगणारा माणूस तुमचे पैसे घेऊन मोकळा होतो.

---

कुजकट_कारटं

दोन दिवस झाले, पाऊणशहाणे गायब. मेहुणीच्या लग्नाला गाडी घेऊन गेले वाटतं.

---

पाऊणशहाणा

आलो, आलो. सविस्तर सांगतो.

गियरबॉक्स आणि भुईमूग यांचं ऐकून शनिवारी ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने बॅटरी सोडवली, चहा मागवला, चहा संपल्यावर पुढची सीट काढली. दाराकडेच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढून कार्पेट उचललं. खालचा नमदा हाताने पिळला तर पाणी आलं. त्यावर तेलाचा तवंग. पोरगा म्हणाला, "साहेब, यात भात कालवला तरी चालेल."

डाग होता माझ्या सीटच्या मागे, पण गाडी उताराला लागते तिथे तेल पुढे सरकून थेट माझ्या पायाखाली गेलं होतं. म्हणजे मी तीन आठवडे भलतीच जागा पुसत होतो. नमदा तेवढा कापून काढला, नवा तुकडा टाकला. पत्र्यावर मीठ सुकून पांढरी कडा धरली होती आणि सीटच्या बोल्टजवळ रुपयाएवढा गंज. घासून, प्रायमर लावून घेतला. कार्पेट भांड्यांच्या लिक्विडने दोनदा धुऊन गॅलरीत वाळत टाकलं. सोसायटीतल्या तिघांनी विचारलं की नवीन लोणचं घातलंत का.

आणि मुख्य गोष्ट. सीट ज्या रुळांवर पुढे-मागे सरकते, त्या रुळात एक फोड सापडली. अख्खी. मस्त मुरलेली. सीट मागे का सरकत नाही याचंही उत्तर मिळालं.

कव्हर दोन दिवसांच्या तुटक्या उन्हात टाकलं, डाग आता साबण लावला तर जरासा गुलाबी होतो एवढाच. मागचा सीटबेल्ट राहिला आहे, त्याच्या पट्ट्यात वास आहे. तो कशाने धुऊ?

---

गियरबॉक्स

बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने धरून ठेवा, सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. ब्लीच किंवा कडक रसायन लावू नका, धागा कमजोर होतो, आणि बेल्ट हा कमजोर असून चालत नाही.

---

सोनकी

आता वास आहे की गेला ते सांगा ना!

---

पाऊणशहाणा

बायको म्हणते गेला. मला सकाळी गाडी उघडल्यावर पहिल्या सेकंदाला येतो, मग येत नाही. ऑफिसचे दोघे सोमवारपासून परत येताहेत, पण मागे बसताना खिडकी उघडी ठेवतात. खरं कोण ते कळत नाही.

---

कुजकट_कारटं

त्या फोडीचं काय केलंत?

---

पाऊणशहाणा

तो प्रश्न मेकॅनिकच्या पोराला विचारा. मी गंज बघत होतो.

बाकी, सासूबाईंना बायकोने सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं, चूक बरणीची नाही, ब्रेकची आहे. नवीन बरणी भरून तयार आहे. या वेळी माझ्यावर विश्वास नाही, एसटीने पाठवणार आहेत.

---

लालडबा

कुठल्या गाडीने ते आधी कळवा. कंडक्टरने मातीची पाटी बरोबर ठेवलेली बरी.